तेराव्या होलचं पाणी

ऑखनबेग गोल्फ क्लब, एअरशायर
रविवार, ८ डिसेंबर

श्री. वॉल्टर गेडिस यांस,

घडलेलं क्रमाने लिहिते.

१. मंगळवार, १९ नोव्हेंबर रोजी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी माझे वडील हेक्टर गेडिस तेराव्या होलच्या ग्रीनखाली उतारावर मृत सापडले. डूगी मॅकस्किमिंगने त्यांना पाहिलं. तो इथली यंत्रं सांभाळतो.
२. डॉक्टरांनी कारण हृदयविकार असं लिहिलं. वेळ साधारण सहाची.
३. त्यांच्या शेजारी पेट्रोलवर चालणारा लहान पंप होता. तो चालू होता. पाण्याचा पाइप पलीकडच्या ओढ्यात सोडलेला होता.
४. पावसामुळे त्या दिवशी मैदान बंद होतं.
५. अंत्यविधी २८ नोव्हेंबरला झाला.
६. तुमचा पत्ता १ डिसेंबरला त्यांच्या कामाच्या वहीत, शेवटच्या पानावर मिळाला. तुम्ही हयात आहात हे मला माहीत नव्हतं. म्हणून कळवायला उशीर झाला.
७. १९ नोव्हेंबरपासून आजपर्यंत इथे २१४ मिलिमीटर पाऊस झाला. तेरावं होल पाण्याखाली आहे.

मी त्यांची मुलगी इश्बेल. वय सत्तावीस. गवत आणि माती या विषयातली पदविका घेतली आहे. तीन वर्षं इथे त्यांच्या हाताखाली मैदानाची निगा राखत होते. आता त्यांच्या जागी हंगामी आहे. आई अकरा वर्षांपूर्वी गेली.

मी रोज सकाळी आठ वाजता अठराही ग्रीनच्या बारीक कापलेल्या गवताखालच्या मातीतली ओल मोजते. तीन वर्षांत तेराव्या ग्रीनची ओल कधीच जास्त निघाली नाही. मी तसा अहवालही लिहिला: ‘निचरा उत्तम.’ आता असं दिसतं की वडील पाच वाजता उठून जात, पाणी उपसत आणि आम्ही यायच्या आत पंप घरामागच्या शेडमध्ये ठेवत. मी त्याच घरात राहते. ते दव-धुकं बघायला जातात असं मी समजत होते. माझी तीन वर्षांची मापं चुकीची आहेत.

अकरा ते पंधरा ही खालची पाच होल कायमची सोडून द्यायची, असा ठराव समितीपुढे आहे. बैठक २४ फेब्रुवारीला आहे. त्याआधी पाणी कुठे अडतं हे मला दाखवता आलं नाही, तर ती होल जातील. वडिलांनी एक्केचाळीस वर्षं काम केलं त्यातला निम्मा वेळ या पाच होलवर गेला आहे.

नकाशा नाही. वहीत १९८३ सालची एकच नोंद आहे: ‘तेरा. मुख्य नळी वॉटीबरोबर टाकली. तोंड स्टँकला. साफ ठेवणे.’ वॉटी म्हणजे तुम्ही, असं मी धरते. ही नोंद बरोबर आहे का, एवढंच विचारायचं आहे.

इश्बेल गेडिस


वेस्ट्रे, ऑर्कनी
१७ डिसेंबर

इश्बेल,

चार दिवस बोट आली नाही, म्हणून तुझं पत्र काल हातात पडलं. ‘श्री. वॉल्टर गेडिस यांस’! अगं, विजेचं बिलसुद्धा मला इतक्या मानाने हाक मारत नाही. मी वॉटी. काका म्हणायचं की नाही ते तू ठरव, मला तो हक्क उरलेला नाही. आणि फोन करू नकोस, माझे दोन्ही कान गेलेत. शेजारीण माझ्याशी बोलते तेव्हा कोंबड्या पळतात, इतकी ओरडते बिचारी.

तुझी सात कलमं वाचली. बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. आत येऊन परत वाचली. एकाही कलमात चूक सापडली नाही. मी शोधत होतो.

हेक्टर माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान होता. हे तुला कोणी सांगितलं नसेल.

नोंद बरोबर आहे. नळी आम्ही दोघांनी टाकली, भाजलेल्या मातीच्या नळ्या, एकेक फुटाच्या, एकीला एक भिडवून. पाची होलांचं पाणी तेराखाली गोळा होतं आणि नळीने स्टँकला जातं. त्यापुढचं मला विचारू नकोस, पोरी. तुझा बाप बोलला नाही, मीही बोलणार नाही. ती पाच होल गेली तर जाऊ देत. जमिनीला दलदल व्हायचं असेल तर होऊ दे तिला.

माझा पत्ता हेक्टरकडे कसा आला? मी त्याला कधी दिला नव्हता.

वॉटी


ऑखनबेग
शनिवार, ४ जानेवारी

वॉल्टरकाका,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी. वहीत तुमचा पत्ता एक नाही, तीन आहेत. पहिला पीटरहेडचा, दुसरा कर्कवॉलचा, दोन्ही खोडलेले. तिसरा वेस्ट्रेचा. अक्षर वडिलांचं आहे, शाई वेगवेगळी. ते त्यांना कुठून मिळाले याची नोंद नाही.

नोंद बरोबर आहे असं तुम्ही कळवल्यावर आम्ही स्टँक शोधला. खालच्या भागात एकच आहे, बारावं होल जिथून सुरू होतं त्या टीमागे, रस्त्याच्या कडेला. जाळी गंजून चिकटली होती. डूगीने पहारीने उचकटली. तिथून तेराव्या ग्रीनच्या दिशेने सव्वीस मीटर चर खणला, दीड मीटर खोल. तीन दिवस लागले. दोनदा कडा ढासळल्या. नळी मिळाली नाही. जाळीखाली कुजलेली पानं, एक्केचाळीस चेंडू आणि खालच्या दातांची एक कवळी मिळाली.

“ही लॉकहार्टची असणार,” डूगी म्हणाला. “खेळताना फार चावतो माणूस.”

लॉकहार्ट म्हणजे मैदान समितीचे अध्यक्ष. तेही तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन आले. चराच्या कडेला उभे राहिले.

“इश्बेल, तुझ्याच अहवालात आहे ना, निचरा उत्तम म्हणून?”

“आहे.”

“म्हणजे आम्ही उत्तमपैकी बुडतोय म्हणायचं.”

मी म्हटलं, अहवाल चुकला आहे आणि तसं मी लेखी देईन.

“लेखी कशाला? बदकं साक्ष देतील!” ते हसले आणि गेले. तेराव्या ग्रीनवर खरोखरच दोन बदकं आहेत.

डूगी म्हणाला, “बॉसबाई, एवढं ऐकून घेतलंत? तुमच्या बाबाने त्याची छत्री उलटी केली असती.” मला तसं काही करावंसं वाटलं नाही. सध्या फारसं काही वाटत नाही. जेवण, झोप आणि काम वेळेवर होतं.

काल वडिलांचा पंप मी त्यांच्याच वेळी, पहाटे पाचला, चालवून पाहिला. ग्रीन मोकळी व्हायला दोन तास दहा मिनिटं लागली. दुपारी तीनला पाणी परत आलं.

स्टँकपासून नळी कोणत्या बाजूने जाते ते कळवा.

इश्बेल


वेस्ट्रे
१४ जानेवारी

अगं वेडे पोरी!

मी हसलो. खरं सांगतो, एकटाच स्वयंपाकघरात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. सव्वीस मीटर! रस्त्याच्या जाळीपासून! हेक्टर असता तर तोही हसला असता आणि मग आठवडाभर तुझी चेष्टा केली असती.

तुमच्याकडे एअरशायरमध्ये गटारावरच्या जाळीला स्टँक म्हणतात, हे मी साफ विसरलो होतो. तुमच्या स्टँकवरून मोटारी जातात. आमच्या गावाकडे, बॅन्फला, स्टँकात बदकं पोहतात! स्टँक म्हणजे तळं गं, गावचं साचलेलं तळं. तुझ्या बापाने उभा जन्म तिकडे काढला, पण वही लिहायचा तो घरच्याच बोलीत. शाळेतही मास्तरांनी त्याला यासाठी दोनदा मारलं होतं. तेव्हा जाळी सोड. तेराच्या डाव्या अंगाला, अल्डरच्या झाडाखाली, जिथे तळं

थांब.

तुझी दोन्ही पत्रं परत काढून वाचली. तळ्याचं नावही नाही त्यांत. मला वाटलं होतं, तुला सगळं ठाऊक आहे आणि तू मुद्दाम मला विचारते आहेस, माझ्या तोंडून ऐकायला. म्हणून पहिल्या पत्रात मी तसं तोडून लिहिलं. तुला ठाऊक नाही. तुला कोणी सांगितलंच नाही.

बोटीची वेळ झाली. पत्र असंच टाकतो.

वॉटी


ऑखनबेग
सोमवार, २० जानेवारी

वॉल्टरकाका,

तेराव्या होलच्या डावीकडे तळं नाही. लव्हाळ्याचा एक सखल पट्टा आहे, सुमारे तीस मीटर लांब, अठरा रुंद. अहवालात मी त्याला ‘नैसर्गिक पाणथळ’ म्हटलं आहे. तेही चुकलं असावं.

क्लबच्या जिन्यात १९८८च्या स्पर्धेचा फोटो आहे. कपवाल्या माणसामागे पाणी दिसतं. तो पूर आहे असं मी लहानपणापासून समजत होते. आज भिंग घेऊन पाहिला. काठावर बाक आहे. पुराच्या काठी कोणी बाक ठेवत नाही.

तेव्हा तळं होतं आणि कोणीतरी ते बुजवलं. नळीचं तोंड त्याच्याखाली आहे. ज्याला नळी कुठे आहे हे माहीत होतं त्याने ते बुजवलं असेल, तर ते समजण्यापलीकडचं आहे.

माझ्यापासून काय लपवलं हे मी विचारत नाही. तोंड कुठे आहे ते विचारते. बैठकीला पाच आठवडे आहेत.

इश्बेल


वेस्ट्रे
१ फेब्रुवारी

इश्बेल,

तू विचारत नाहीस, पण एकाशिवाय दुसरं सांगता येत नाही. तीन पत्रं लिहून चुलीत घातली. हे चौथं.

तू अडीच वर्षांची होतीस. मे महिना, गुरुवार, बायकांची स्पर्धा होती. तुझी आई क्लबच्या स्वयंपाकघरात सँडविच करत होती. हेक्टर अकराव्यावर गवत कापत होता. तू माझ्याजवळ होतीस. स्टँकच्या काठी बाकावर आपण दोघं बसलो होतो. तू मला चेंडूंची नावं सांगत होतीस. तू प्रत्येक चेंडूला नाव ठेवायचीस. तेवढ्यात एका बाईंचा चेंडू गवतात हरवला. मी उठून शोधायला गेलो. चेंडू सापडला. बाई ‘थँक यू, वॉटी’ म्हणाल्या. वळलो तर तू नव्हतीस.

पाण्यावर तुझी पिवळी टोपी होती.

मी मासेमारांच्या गावचा. पाचव्या वर्षापासून पोहतो. इश्बेल, मी काठावर उभा राहिलो. माझे पाय हलले नाहीत. का, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. हेक्टर अकराव्यावरून धावत आला आणि बुटांसकट आत गेला. त्याने तुला बाहेर काढलं, उलटं धरलं. तू ओकलीस आणि मग रडलीस. किती वेळ पाण्यात होतीस? तुला आकडे लागतात, पण मी मोजत नव्हतो.

शुक्रवारी त्याने खोदयंत्र आणलं. काठ आत ढकलायला लागला. मी म्हटलं, हेक्टर, कुंपण घालू. तो म्हणाला, “कुंपणाला फट असते.” मी म्हटलं, अरे, आपल्या नळीचं तोंड पुरतोयस, अकरा ते पंधरा बुडतील. तो म्हणाला, “बुडू देत. मी उपसेन.”

शनिवारी स्टँक नव्हता. यंत्र बंद करून तो खाली उतरला आणि म्हणाला, “वॉटी, तू माझ्या डोळ्यांसमोर नको.” आवाजही चढवला नाही. मी रविवारच्या गाडीने निघालो.

नळी पुढे वाढवून ओढ्याला सोडता आली असती. पण त्यासाठी तिथे परत फावडं घालावं लागलं असतं. ते त्याने स्वतः केलं नाही, दुसऱ्याला करू दिलं नाही. मला वाटलं होतं, एखाद-दोन हिवाळे उपसेल आणि मग राग निवेल.

तोंड इथे आहे: अल्डरच्या बुंध्यापासून ग्रीनकडे तोंड करून माझी एकोणीस पावलं. तिथे एक चौकोनी दगड बसवला होता, त्याच्या खाली.

वॉटी


ऑखनबेग
रविवार, ९ फेब्रुवारी

वॉटीकाका,

तुमचं पत्र बुधवारी मिळालं. दुसरं कोणाला दाखवलेलं नाही.

अल्डर आता नाही. २०११च्या वादळात पडला. त्याचा राहिलेला बुंधा माझ्या पहिल्या वर्षी मीच यंत्राने दळून काढला आणि वर गवत पेरलं. ते चांगलं उगवलं; जागा ओळखू येत नाही. तुमचं पाऊल किती सेंटिमीटरचं हेही मला माहीत नाही. तरी गुरुवारी आणि शुक्रवारी अंदाजाने चार खड्डे घेतले. चारही पाण्याने भरले. दगड मिळाला नाही. लव्हाळ्याखाली ढकललेल्या मातीचा थर मात्र स्पष्ट दिसतो, एक मीटर दहा. तुमचं म्हणणं बरोबर आहे.

काल लॉकहार्टना भेटले. स्टँक उघडायचा, नळी मोकळी करायची आणि तिथून ओढ्याला वाट द्यायची, असं सांगितलं.

“तळं? कुठलं तळं? आमच्या नकाशावर तळं नाही.”

“नकाशावर नाही म्हणूनच ग्रीनवर आहे.”

“हे बघ इश्बेल, तुझा बाप गेला, त्याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटतं. पण आधी तू म्हणालीस निचरा उत्तम. मग जाळी खणलीस. आता जमिनीखाली तळं आहे म्हणतेस. पुढच्या महिन्यात जहाज काढशील! ज्याने डोळ्यांनी पाहिलंय असा एक माणूस बैठकीत उभा कर, मी ठराव पुढे ढकलतो.”

डूगी दारात ऐकत होता. तो म्हणाला, “लॉकहार्टसाहेब, तुमचे दात आमच्याकडे आहेत, नेता का?” त्याची नोकरी अजून शाबूत आहे.

आता बाकीचं. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही. टोपी, बाक, चेंडूंची नावं, काहीच नाही. बुधवारी पत्र वाचून झाल्यावर मी लव्हाळ्यात जाऊन उभी राहिले, आठवतं का ते बघायला. वीस मिनिटं उभी होते. आठवलं नाही. पाण्याची मला भीती नाही. मला पोहता येतं; शाळेत असताना बाबा दर मंगळवारी पोहण्याच्या तासाला सोडायला यायचे आणि तास संपेपर्यंत काचेपाशी उभे राहायचे. बाकी मुलांचे वडील मोटारीत बसायचे. तेव्हा मला त्याची लाज वाटायची.

चोवीस पूर्ण हिवाळे आणि पंचविसावा अर्धा. हिवाळ्यातल्या ओल्या सकाळी किती धरायच्या, असा गुणाकार करायला बसले होते. अर्ध्यावर सोडला.

त्यांनी तळं माझ्यासाठी बुजवलं. मी ते उघडणार आहे. ते असते तर त्यांनी परवानगी दिली नसती, हे मला माहीत आहे. पण जिच्यासाठी बुजवलं ती आता सत्तावीस वर्षांची आहे आणि रोज सकाळी पंप तीच चालवते आहे. आज पाणी परत यायला चार तास लागले नाहीत. मार्चपर्यंत गवताची मुळं कुजतील, मग ठरावाची गरज राहणार नाही.

तुम्ही काठावर उभे राहिलात, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. रागाचं नाही आणि माफीचंही नाही. लिहिण्याइतकं मला अजून काही वाटत नाही. वाटेल तेव्हा कळवीन.

पावलं कागदावर पाठवता येत नाहीत. म्हणून विचारते. तुम्ही इथे येऊन ती एकोणीस पावलं स्वतः चालावीत. झाड नाही, पण ग्रीन, ओढा आणि टेकडी तिथेच आहेत. तुम्हाला दिशा सापडेल असा माझा अंदाज आहे. दगड मिळाला तर २४ तारखेला संध्याकाळी सहा वाजता बैठकीत तुम्ही जे पाहिलं ते सांगायचं. नळीचं आणि तळ्याचं. का बुजवलं हे सांगायची गरज नाही. तिथे कोणी विचारलं तर मी उत्तर देईन. ऐकू येत नसेल तर प्रश्न मी कागदावर लिहून देईन.

बोट आणि रेल्वे धरून दीड दिवस लागतो. डूगी एअर गावच्या रेल्वे स्टेशनवर गाडी घेऊन येईल. बाबांची खोली मोकळी आहे. अंथरूण बदललं आहे. चिखल गुडघ्यापर्यंत आहे. इथे त्यांचे रबरी बूट आहेत, नऊ नंबरचे. बसणार नसतील तर तुमच्या मापाचे मागवावे लागतील आणि त्याला तीन दिवस जातात.

येणार की नाही, आणि बुटाचा नंबर, या दोन गोष्टी सोमवार, १७ फेब्रुवारीपर्यंत कळवा.

इश्बेल